उंची मजल्यांची, कसोटी व्यवस्थेची

छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले, तेव्हा राजधानी रायपूर हे मुख्यतः धान्याच्या बाजारपेठेचे आणि तलावांचे शहर होते. आज तेलीबांधा तलावाच्या काठावरून पाहिले, तर बहुमजली इमारतींची रांग दिसते. यांतील सर्वांत उंच इमारत कोणती, या चर्चेत अनेकांना रस असतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : या शहराला उंच का व्हावे लागले आणि त्या उंचीचा भार पेलणारी व्यवस्था उभी आहे काय?

मुंबईच्या उंचीला भूगोलाचे कारण आहे. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर 280 मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ उभा राहिला, हे समजण्यासारखे आहे. रायपूर मात्र सपाट मैदानात वसले आहे. सुमारे 20 किलोमीटरवर नवा रायपूर हे आखीव शहर उभारण्यात आले आणि नोव्हेंबर 2012 मध्ये मंत्रालयही तेथील महानदी भवनात गेले. कार्यालये हलली; परंतु बाजारपेठ, रुग्णालये, शाळा आणि रोजगार यांचा मोठा भाग जुन्या शहरातच राहिला. साहजिकच जुन्या शहरातील जमीन महागली आणि इमारती वर चढल्या. रायपूरची उंची भूगोलातून नव्हे, तर नियोजनाच्या या विसंगतीतून आली आहे.

या उंचीची पहिली कसोटी आग ही आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार 15 मीटर वा त्याहून उंच इमारत ‘उत्तुंग’ मानली जाते. म्हणजे चर्चेतील सर्वोच्च मनोराच नव्हे, साधारण पाच मजल्यांची इमारतही या कक्षेत येते. शिडी पोहोचणार नाही अशा मजल्यांवर इमारतीची स्वतःची यंत्रणाच रहिवाशांना वाचवू शकते : पाण्याची राखीव टाकी, चालू स्थितीतील पंप, मोकळे जिने, आश्रय-मजला. जानेवारी 2022 मध्ये मुंबईत ताडदेवच्या 20 मजली इमारतीला लागलेली आग प्राणघातक ठरली. तीही देशातील सुसज्ज अग्निशमन दलांपैकी एक दल दिमतीला असताना. एप्रिल 2021 मध्ये रायपूरमधील एका खासगी कोविड रुग्णालयातील आगीतही रुग्णांचे प्राण गेले. ती इमारत काही गगनचुंबी नव्हती. धोका मजल्यांच्या संख्येपेक्षा देखभालीतील ढिलाईत अधिक असतो.

दुसरी कसोटी पाण्याची. रायपूर मुख्यतः खारून नदीवर अवलंबून आहे आणि उन्हाळ्यात गंगरेल धरणातून कालव्याने येणारे पाणी तिला आधार देते. एका भूखंडावर चार घरांऐवजी शंभर घरे आली की मागणी एका जागी एकवटते. भूजल मुरवणारे तलाव मात्र अतिक्रमणांनी आक्रसत आले आहेत.

म्हणून उंचीला विरोध करावा, असे माझे म्हणणे नाही. आडव्या विस्ताराची किंमत शेतकरी मोजतो. नवा रायपूरच्या प्रकल्पबाधित शेतकऱ्यांनी 2022 मध्ये केलेले दीर्घ आंदोलन हेच सांगत होते. धानाची शेते वाचवायची असतील, तर शहराने काही प्रमाणात वर चढावेच लागेल. मात्र त्यासाठी तीन अटी हव्यात. प्रत्येक उत्तुंग इमारतीचे अग्निसुरक्षा परीक्षण दरवर्षी व्हावे आणि त्याचा निष्कर्ष दर्शनी भागात लावला जावा. वाढीव चटईक्षेत्राच्या शुल्काचा निश्चित वाटा पाणी व अग्निशमन यांसाठीच राखून ठेवावा. पाण्याची तरतूद सिद्ध झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, पाणीपुरवठा आणि अग्निशमन ही तिन्ही कामे नगरपालिकांकडे सोपवण्याजोगी म्हणून एकत्र नोंदवली आहेत. प्रत्यक्षात मजल्यांना परवानगी एका टेबलावर मिळते आणि पाण्याचा व आगीचा विचार दुसऱ्या टेबलावर, तोही उशिरा होतो. रायपूरसारख्या वाढत्या राजधान्यांनी ही टेबले आताच एकत्र आणावीत. इमारत पूर्ण झाल्यावर चूक दुरुस्त करणे फार महाग पडते आणि ती किंमत बहुधा तेथे राहणाऱ्यांनाच चुकवावी लागते.