मताचे बिऱ्हाड

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे नांदत आहेत. जळगाव-नंदुरबारकडची ही माणसे गाडीने उधन्याला उतरली, मागावर आणि कापड रंगविण्याच्या गिरण्यांत राबली व तेथेच स्थिरावली. त्यांपैकी एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, आम्ही मत देणे सोडले. तिकडचे पुढारी आम्हांस गेलेले समजतात, इकडचे आलेले. मग आमचे कोण?"

वाचकहो, ही आळशी माणसाची सबब नव्हे. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच रेल्वेमार्गावर मनुष्य परप्रांतीय ठरू लागला. परंतु त्या गृहस्थांचे नाव अद्याप गावच्याच यादीत आहे हे कळल्यावर आम्हांस वाटले, की हे मत नाकारणे नव्हे. हे मत गहाळ होणे आहे.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की मनुष्य सामान्यतः जेथे राहतो तेथे त्याचे नाव असावे, आणि ते एकाच यादीत असावे. गावी केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने तो तेथला रहिवासी ठरत नाही. तरीही नाव काढण्यास हात धजत नाही. भाऊबंद काय म्हणतील! मग २०२४ साली काय झाले पाहा. गुजरातेत लोकसभेचे मतदान ७ मे रोजी, जळगाव-नंदुरबारला १३ मे रोजी. येथे सुट्टी मिळाली तेव्हा मत तिकडे, आणि मतदान तिकडे झाले तेव्हा माणूस मागावर. दूरच्या मतदारासाठी निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एक यंत्र सुचविले होते, ते अमलात आले नाही. आखातात गेलेल्या आपल्या मुलांनाही २०१० च्या दुरुस्तीने हक्क मिळाला, पण मत द्यायचे तर स्वतः येऊनच.

आपणांस कोणी विचारत नाही, हेही अर्धेच खरे. लिंबायत, उधना हे भाग ज्यात येतात त्या नवसारी मतदारसंघातून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून चार वेळा निवडून आले. येथे नाव नोंदविलेल्या खानदेशी मतदारास सर्वच पक्षांना मोजावे लागते. अर्थात ओळखीचे आडनाव म्हणजे आपले मत नव्हे. कोणताच पक्ष मनास पटत नसेल त्याच्यासाठी २०१३ पासून 'नोटा'चे बटण आहे, आणि सदसद्विवेकाने ते दाबणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. शेजारच्या सुरत मतदारसंघात २०२४ साली तेही दाबता आले नाही. काहींचे अर्ज बाद झाले, बाकीच्यांनी माघार घेतली, उमेदवार बिनविरोध ठरला. मत देण्याची इच्छा असलेले लोक घरी बसले. आपखुशीने घरी बसणाऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहावे.

राहते ठिकाण बदलले असता नाव हलविण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. नाव गेले म्हणजे गावच्या ग्रामसभेतील हक्क जातो, हे आम्ही लपवीत नाही. ज्यास तो सोडवत नाही त्याचे दुःख आम्ही समजू शकतो. सातबाऱ्यावरचे नाव मात्र त्यामुळे हलत नाही. तो तलाठ्याच्या दप्तराचा विषय आहे, मतदारयादीचा नव्हे.