लक्ष्याचं कुणीच ऐकत नाही

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, इथून सुरुवात होते आणि पन्नास वर्षं ओलांडून सांगणारा थेट २००४च्या ‘श्वास’पाशी येऊन थांबतो. मधल्या काळातले ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ कुणी आवर्जून सांगतं. पण ज्या चित्रपटांनी आजोबांना आणि नातवाला एकाच वेळी पोट धरून हसवलं, त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येतं: ऐंशी-नव्वदच्या दशकांत विनोदी चित्रपटांची लाट आली होती.

त्या एका वाक्याखाली दबलेला एक चित्रपट आज बाहेर काढून नीट पाहू. महेश कोठारे यांचा १९९३चा ‘झपाटलेला’. हा लोकांचा लाडका आहे, यात वाद नाही. त्यातला बाहुला तात्या विंचू शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पण त्याला प्रेम जेवढं मिळालं तेवढी त्याची कदर झाली नाही. ‘बालपणीची आठवण’ म्हणून आपण तो जवळ ठेवतो. उत्तम रचलेला चित्रपट म्हणून त्याच्याबद्दल क्वचितच बोलतो.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: कल्पना उचललेली आहे. हे खरंच आहे. मरणाच्या दारातला गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्याच्या देहात शिरतो, ही गोष्ट १९८८च्या अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची. पण पुढे कोठारे यांनी जो एक बदल केला, त्यात या चित्रपटाचं सगळं बळ आहे. अमेरिकेतल्या त्या कथेत बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. मुलगा खरं सांगतो, पण तो लहान म्हणून कुणी मनावर घेत नाही. ‘झपाटलेला’मधला लक्ष्या मात्र चांगला घोडा झालेला माणूस आहे आणि त्याची कला आहे बोलक्या बाहुल्यांचा खेळ! ज्याने आयुष्यभर बाहुल्याला बोलतं करायचंच स्वप्न पाहिलं, तो ‘अहो, हा बाहुला खरंच बोलतो’ म्हणून गावभर ओरडत सुटला, तर लोक काय करणार? हसणार. त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. तो जितकं जीव तोडून सांगतो, तितका तो वेडा ठरतो. पटकथेतली ही गाठ इतकी पक्की आहे की पुढचा प्रत्येक विनोद आणि प्रत्येक भयप्रसंग तिच्यातूनच निघतो. मूळ चित्रपटात नसलेली ही गंमत आहे आणि माझ्या मते ती मूळ कल्पनेपेक्षा सरस आहे.

ती इथेच सुचावी, यालाही कारण आहे. शब्दभ्रमाच्या खेळाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव हा बाहुला रंगमंचावर आणला आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो घरोघरी पोहोचवला. हा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला त्यातलं नातं माहीत असतं. बाहुला उद्धट, धरणारा गरीब. बाहुला वाटेल ते बोलून जातो आणि धरणारा ओशाळून त्याला आवरू पाहतो. प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं की दोन्ही तोंडं एकाच माणसाची आहेत, म्हणून तो निर्धास्त हसतो. ‘झपाटलेला’ हेच नातं घेतो आणि त्यातला निर्धास्तपणा काढून टाकतो. इथे बाहुल्यामागे कुणीच नाही. त्यामुळे हसू आणि भीती एकाच प्रसंगात शेजारी बसतात.

आणि हा बाहुला घडवला कुणी, तर त्याच रामदास पाध्ये यांनी. संगणकाने पडद्यावर वाटेल ते उभं करण्याचे दिवस अजून यायचे होते. तात्या विंचूची मान वळते, जबडा हलतो, नजर फिरते, ती सगळी हातांची करामत आहे. आज पाहताना त्याची हालचाल थोडी अडखळती वाटेल. मला ती तशीच हवी आहे. सराईतपणे चालणारा बाहुला खेळणं वाटला असता. हा अडखळतो, थांबतो आणि मग मान वळवून बघतो, तेव्हा आत कुणीतरी अडकून बसलंय असं वाटतं.

आत अडकलेला तो माणूस म्हणजे दिलीप प्रभावळकर. गुंड तात्याच्या रूपात ते पडद्यावर फार वेळ नाहीत. पुढे उरतो तो त्यांचा आवाज. दोनच वर्षं आधी ‘चौकट राजा’मधल्या नंदूसाठी सगळ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं होतं आणि ते योग्यच होतं. पण केवळ आवाजाच्या बळावर एका लाकडी तोंडाला लोभ, चीड आणि विखार देणं, हाही त्याच तोलाचा अभिनय आहे. त्याची चर्चा मात्र कधी त्या पातळीवर झाली नाही.

लक्ष्या साकारणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बाबतीत तर हा अन्याय फारच झाला. १९९२मध्ये जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ आला, तेव्हा लक्ष्मीकांत खरा अभिनय करू शकतो हे सिद्ध झालं, असं लोक म्हणाले, अजूनही म्हणतात. म्हणजे आधीचं आणि नंतरचं काय होतं? ‘झपाटलेला’त समोर निर्जीव बाहुला आहे आणि त्याच्याकडे पाहून या माणसाला घाम फोडायचा आहे. बाहुला जिवंत आहे हे आपल्याला पटतं ते निम्मं पाध्ये यांच्यामुळे आणि निम्मं लक्ष्याच्या डोळ्यांमुळे. आईच्या भूमिकेत मधू कांबीकर आहेत. तिला तो सगळं पटवू पाहतो तेव्हा त्याचा आवाज चिरकतो, हात थरथरतात आणि आपण हसता हसता कळवळतो. विनोदी नटाला हे जमणं ही अवघड गोष्ट आहे.

चित्रपट निर्दोष नाही. प्रेमकथा आणि गाणी मध्ये येतात तेव्हा वेग पडतो. मारामाऱ्या लांबतात. पण बाबा चमत्कार, कुबड्या खवीस, विजय चव्हाण यांचा हवालदार अशी माणसं पडद्यावर आली की पुन्हा जीव येतो. २०१३मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. तंत्र पुष्कळ पुढे गेलं होतं, तात्याही परतला होता, पण लक्ष्मीकांत २००४च्या डिसेंबरमध्येच आपल्यातून गेले होते. घाबरणारा माणूस नसेल तर घाबरवणारा बाहुला किती अपुरा पडतो, हे त्या दुसऱ्या भागाने दाखवून दिलं.

मजा देणारा चित्रपट सहज घडतो, हा आपला गैरसमज मला खटकतो. रडवणाऱ्या चित्रपटाची पटकथा आपण वर्गात बसून अभ्यासतो आणि हसवणाऱ्याची कॅसेटवरची आठवण काढून मोकळे होतो. चित्रपट शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘झपाटलेला’ची पटकथा मुलांपुढे ठेवा आणि परक्या कल्पनेला आपल्या मातीत कसं रुजवायचं, ते त्यातून शिकवा. आणि वाचकहो, तुम्ही येत्या रविवारी घरच्या पोरांना घेऊन तो पुन्हा पाहा. पोरं तात्याकडे पाहतील. तुम्ही लक्ष्याकडे पाहा.