स्पिन्स्टर : सूत कातणारीचे नाव
कापडाचा व्यवहार ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांना सुताचे मोल सांगावे लागत नाही. इंग्रजीतील ‘स्पिन्स्टर’ हा शब्द त्या सुतातूनच निघाला. आज तो वय उलटूनही अविवाहित राहिलेल्या स्त्रीसाठी, बहुधा हिणवूनच, योजला जातो. मूळ अर्थ इतकाच : सूत कातणारी.

‘स्पिन’ म्हणजे कातणे. कोळ्याचे ‘स्पायडर’ हे नावही त्याच धातूचे. आपल्याकडेही कोळ्याला ‘कातीण’ म्हणतातच. ‘स्टर’ हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीत कारागीर स्त्रीचा वाचक होता. विणणारी ती वेब्स्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर. पुढे ही नावे पुरुषांनाही लागली, आडनावे झाली. १८२८ साली इंग्रजीचा थोर कोश प्रसिद्ध करणारे नोआ वेब्स्टर हे मुळात एका विणकरणीच्या नावाचे धनी! प्रत्ययाचे स्त्रीत्व लोक इतके विसरले की, शिवणकाम करणारीला ‘सीमस्टर’ म्हणणे पुरेना. त्यावर दुसरा स्त्रीप्रत्यय चढवून ‘सीमस्ट्रेस’ करावे लागले.

मग कातणारीची अविवाहिता कशी झाली? एका मागाला सूत पुरवण्यास अनेक चरखे लागत. व्यापारी घरोघरी लोकर देत, कातलेले सूत नेत आणि मजुरी चुकवीत. विवाहिताही कातीत, परंतु पतीचा आधार नसलेल्या स्त्रीस स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याचे हेच हाताशी असलेले साधन होते. दस्तऐवजात नावापुढे व्यवसाय लिहिण्याची रीत होती. सतराव्या शतकापर्यंत ‘स्पिन्स्टर’ ही अविवाहित स्त्रीची कायदेशीर संज्ञा ठरली आणि अठराव्या शतकात तीत कुचेष्टा शिरली. तिचा अपराध कोणता, तर कोणापुढे हात न पसरता तिने आपले आपण मिळवून खाल्ले! त्याच शतकात कातण्याची यंत्रे आली. घरचा चरखा थांबला, नाव मात्र चिकटून राहिले.

डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंड व वेल्सच्या विवाहनोंदणीतून हा शब्द काढण्यात आला. वधूपुढे नुसते ‘सिंगल’ लिहू लागले. त्याबरोबर वराचा ‘बॅचलर’ही गेला. त्याला मात्र अशी कुचेष्टा कधी सोसावी लागली नव्हती.