गेरू आणि निळी गोळी

अजिंठ्याला शाळांच्या सहली नेहमी इतिहासाच्या नावावर येतात. या सदराचा हट्ट असा की त्या विज्ञानाच्या सरांनी काढाव्यात, आणि विषय ठेवावा आरोग्य. या आठवड्यात पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर आठवीचा एक वर्ग उभा होता. बाई वाकाटकांवर बोलत होत्या, मुलं जांभया देत होती. भिंतीवरचा लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. आणि जांभया देणाऱ्यांच्या रक्ताला लाली येते तीही लोहामुळेच. बोलायला याहून सोपा धागा कुठला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून तर सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देतात: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ती कशासाठी, हे समजावून सांगितलं नाही तर गोळी तोंडातून थेट खिडकीबाहेर जाते, आणि त्यात मुलांचं काय चुकलं! पुढे फर्दापूरला वर्ग जेवायला बसला. भाकरी, मेथीची भाजी, ताटात लिंबाची फोड, आणि हात धुवायच्या आत सगळ्यांना चहा. चहातलं टॅनिन भाजीतल्या लोहाला आतड्यातून रक्तात सहज शिरू देत नाही, लिंबातलं क जीवनसत्त्व मात्र त्याची वाट मोकळी करतं. अख्खा धडा ताटातच वाढलेला होता. फोडी बहुतेकांनी पिळल्याच नाहीत. एका पठ्ठ्याने पिळली, ती शेजाऱ्याच्या डोळ्यात.