ओव्हरटाइमची थकबाकी हेही पालिकेचे देणेच!

महापालिकेने बाजारातून कर्ज उचलले, तर परतफेडीची सोय आधी तपासली जाते. त्याच पालिकेचा सफाई कामगार पावसाळ्यात रोज चार तास जादा राबला, तर त्याच्या पैशांची सोय कोण तपासतो? कायद्याच्या नजरेत दोन्ही देणीच आहेत. पण वसुलीची वाट सारखी नाही.

कर्जाचे नियम काय?

स्थानिक संस्थांना कर्जाचा अधिकार राज्याच्या कायद्यांतून मिळतो आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. रोखे विकायचे असतील, तर ‘सेबी’ची २०१५ची नियमावली पाळावी लागते. पतमानांकन करून घ्यावे लागते आणि पैसा जाहीर केलेल्या प्रकल्पावरच खर्च करावा लागतो. परतफेडीची रक्कम एस्क्रो खात्यात आधीच बाजूला काढली जाते. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये असेच उभे केले.

ओव्हरटाइमचे नियम काय?

१९४८च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीतच स्थानिक प्राधिकरणातील नोकरीचा समावेश होता. त्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. ज्यांचे किमान वेतन ठरवून दिलेले आहे, त्यांना ठरलेल्या तासांपुढील कामासाठी नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा, असे तिच्या कलम १४ मध्ये म्हटले आहे.

मग सर्वांना दुप्पट मिळतो का?

नाही. मध्य प्रदेशातील हट्टा नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रेषा आखून दिली. ज्यांना सेवानियमांनुसार किमान वेतनाहून अधिक पगार मिळतो, ते जुन्या कायद्याच्या कलम १४ खाली दुप्पट दर मागू शकत नाहीत. त्यांचा हक्क त्यांच्या सेवानियमांत शोधावा लागतो.

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या अथणी नगरपालिकेच्या खटल्यात मात्र १९६९ मध्ये कामगारांना दिलासा मिळाला. दराबद्दल वाद नसेल, फक्त पैसे थकले असतील, तर कामगार थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती. नव्या संहितेत ती तीन वर्षे आहे आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

खरी अडचण कुठे?

जादा कामाचा मोठा भार कंत्राटी कामगारांवर पडतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच घालून दिले. मात्र जादा तासांची नोंदच हजेरीपटावर नसेल, तर हक्क कागदावर राहतो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक पालिकेने थकीत ओव्हरटाइमची रक्कम अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावी. कर्जाला मंजुरी देताना राज्य सरकारनेही तो आकडा मागावा. रोखेधारकाचा हप्ता वेळेवर देणाऱ्या पालिकेने पहाटे रस्ता झाडणाऱ्याची मजुरी थकवली, तर तिची पत चांगली म्हणता येणार नाही.