मायेला डोळेही हवेत

ज्या घरात मुलाला मारहाण होते, त्या घराविषयी आपण चटकन निवाडा देतो. पण जेथे आईबाप मुलावर जीव ओवाळून टाकतात आणि तरीही मुलाचे काय चालले आहे हे पाहण्यास कोणासच सवड नसते, त्या घराविषयी काय म्हणावे? अशा घरातील मूल तक्रारही करू शकत नाही; कारण ज्यांच्याविषयी तक्रार करावयाची, तीच त्याची सर्वांत लाडकी माणसे असतात. सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे बालपण असेच गेले.

डिकन्स यांचा जन्म 1812 सालचा. त्यांचे वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगार-कचेरीत कारकून होते. माणूस मोठा दिलदार. मूल आजारी पडले की त्याच्या उशाशी रात्र रात्र बसणारा. पाहुणे आले की छोट्या चार्ल्सला टेबलावर उभे करून कौतुकाने गाणी म्हणावयास लावणारा. मात्र मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी त्यांना कधीच साधली नाही.

1822 साली हे कुटुंब लंडनला आले, तोवर देणेकऱ्यांचा फास आवळत चालला होता. थोरली मुलगी फॅनी हिला 1823 साली संगीताच्या नामांकित विद्यालयात घातले. पण दहा-अकरा वर्षांच्या चार्ल्सच्या शाळेचा विषय कोणी काढलाच नाही. वडिलांचे बूट पुसावे, धाकट्या भावंडांना सांभाळावे, आणि घरातील एकेक वस्तू विकून किंवा गहाण टाकून यावे, हीच त्याची दिनचर्या झाली. ज्या पुस्तकांवर तो लहानाचा मोठा झाला, तीही अशीच गेली.

1824 च्या फेब्रुवारीत, बारावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्याला बूटपॉलिशच्या एका कारखान्यात कामाला लावण्यात आले. डब्यांवर कागद बांधावयाचा आणि चिठ्ठ्या चिकटवावयाच्या. वेतन आठवड्याला सहा-सात शिलिंग. थोड्याच दिवसांत वडिलांना कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले. पुढे आई व धाकटी भावंडेही तेथेच राहावयास गेली. चार्ल्स मात्र परक्या घरी एकटा राही आणि आठवड्याचे पैसे दिवसवार पुड्या बांधून पुरवून पुरवून वापरी.

यानंतरचा प्रसंग प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावा असा आहे. एका रविवारी रात्री मुलाला हे एकटेपण असह्य झाले आणि तो वडिलांसमोर हमसून हमसून रडला. वडिलांचे मन द्रवले. हे काही ठीक होत नाही, असे त्यांना तेव्हा प्रथमच वाटले! लगेच तुरुंगाजवळ एक लहानशी खोली पाहण्यात आली आणि मुलगा सकाळची न्याहारी आपल्या माणसांत करू लागला. म्हणजे माया होतीच. आणि त्या हलाखीतही जवळची खोली मिळू शकत होती. उणीव होती ती केवळ लक्ष जाण्याची.

वडिलांची सुटका त्याच वर्षी झाली. पण मुलाची कारखान्यातून सुटका व्हावयास त्यानंतरही काही काळ जावा लागला. तीही वडिलांचे तेथील व्यवस्थापकाशी भांडण झाल्यामुळे झाली. आईचे मत त्याने पुन्हा कामावर जावे असे होते. वडिलांनी मात्र त्याला शाळेत घातले. आईचे ते मत मुलगा जन्मभर विसरला नाही. वडिलांच्या स्वभावावरून मात्र पुढे त्याने मिकॉबर हे अजरामर पात्र रंगविले. त्यात राग थोडा आणि लोभच अधिक आहे. दुर्लक्षित मुलाचे प्रेम आटत नाही. पण त्याची जखमही भरत नाही. 1869 च्या नाताळात मुलाबाळांबरोबर शब्दांचा खेळ खेळत असता डिकन्स यांनी त्या कारखान्याचे नाव-पत्ता उच्चारला. सत्तावन्न वर्षांच्या वडिलांनी हे काय म्हटले, ते मुलांना उमगले नाही. पुढच्या वर्षी ते वारले. आणि त्यांच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून हे सारे जगाला कळले.

आपल्या देशात 2002 सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला; आणि त्याच दुरुस्तीने मुलांना शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे कर्तव्यही ठरले. कायद्याने शाळेचे दार उघडे केले आहे. पण घरातील कोणते मूल त्या दाराशी पोहोचतच नाही, हे घरच्यांनीच पाहिले पाहिजे.

पहाटे कामावर जाऊन रात्री परतणाऱ्या आईबापांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. दारिद्र्य एका दिवसात हटत नाही. परंतु अशा घरांत बहुधा एक मूल असे असते की जे काही मागत नाही, धाकट्याला कडेवर घेते, चूल पेटवते. त्यात मुलीच अधिक असतात. “आमची थोरली फार समजूतदार,” असे आपण अभिमानाने सांगतो. वाचकहो, हा समजूतदारपणा तिने कोणत्या किमतीला घेतला, हे एकदा विचारून पाहावे. आज शाळेत काय झाले? जेवलीस का? कशाची भीती वाटते का? या प्रश्नांना पैसा लागत नाही.

रडणाऱ्या मुलाकडे कोणीही पाहील. जे रडत नाही, त्याच्याकडे आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी क्षणभर पाहावे.