घावन घालणारीचे ताट

मराठी ललितगद्यातील सणासुदीची सकाळ बहुतेक वेळा पाटावर बसून पाहिलेली असते. कोकणातले गणपतीचे दिवस, मुंबईहून आलेले चाकरमानी, माजघरात मांडलेले पाट, केळीच्या पानावर येऊन पडणारे वाफाळते घावन, शेजारी गूळ घातलेला नारळाचा रस किंवा काळ्या वाटाण्याचे सांबारे. आणि मग ‘आईच्या हातची ती चव आता कुठे!’ हा ठरलेला उसासा. दिवाळी अंकांतून असे लेख इतके येतात की त्यांचा एक स्वतंत्र उपप्रकार मानायला हरकत नाही. या लेखनातील जिव्हाळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निवेदकाच्या जागेचा आहे. तो जेथे बसलेला असतो तेथून चूल दिसत नाही, आणि घावन हा पदार्थ असा की तो चुलीपासून वेगळा काढून सांगताच येत नाही.

हे थोडे तपशिलाने पाहावे लागेल. तांदूळ धुऊन रात्री भिजत घालायचे, पहाटे गंधासारखे बारीक वाटायचे, पाणी घालून ताकाइतके पातळ करायचे, मीठ घालायचे. आंबवणे नाही, म्हणजे आंबोळीला जो आधार आंबण्याचा मिळतो तो येथे नाही. जाळी पडते ती केवळ पिठाच्या पातळपणामुळे आणि बिडाच्या तव्याच्या तापामुळे. तवा नीट तापलेला नसेल तर पीठ चिकटते, अती तापला असेल तर ते पसरण्याआधीच आळते. तेल पुसायला एरवी अर्धा कांदा चालतो. नैवेद्याच्या दिवशी कांदा चालत नाही, तेव्हा नारळाची शेंडी किंवा वांग्याचा देठ घ्यायचा. पीठ वाटीने कडेकडून ओतत मध्याकडे यायचे, झाकण ठेवायचे, कडा सुटू लागल्या की काढायचे. तांदळाचे पीठ क्षणात तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावनाआधी ते ढवळावे लागते. ढवळायचे राहिले तर वरचे घावन कागदासारखे आणि शेवटचे भाकरीसारखे.

आता हिशेब करू. घरात पंधरा माणसे, माणशी तीन घावने, एकेकाला दोन-अडीच मिनिटे. एका तव्यावर हे काम पावणेदोन तासांचे आहे. आणि ते आधी करून ठेवता येत नाही. फराळाचे लाडू-चकल्या चार दिवस आधी होतात, पुरणपोळी दुसऱ्या दिवशीही तितकीच आवडीने खाल्ली जाते. घावन मात्र निवले की वातड होते, कारण तांदळाचा शिजलेला स्टार्च थंड होताच घट्ट होऊ लागतो. गौरीच्या नैवेद्याला कोकणात घावन-घाटले करतात. त्या जोडनावातच सारी गोष्ट आहे: तांदळाची पिठी, नारळाचे दूध आणि गूळ यांचे घाटले पातेल्यात निवांत थांबते, घावन थांबत नाही. सर्वांनी मिळून करायच्या न्याहारीतून एक व्यक्ती वगळली जाते ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. पदार्थाचा स्वभावच तशी व्यवस्था मागतो आणि घर ती निमूटपणे एकाच व्यक्तीवर सोपवते. तिच्या वाट्याला येते ते तव्याला चिकटून फाटलेले पहिले आणि तळच्या पिठाचे जाड शेवटचे.

आपल्या पाककृतींची भाषाही याला हातभार लावते. ‘तांदूळ धुवावेत’, ‘पीठ ओतावे’, ‘झाकण ठेवावे’. या विध्यर्थी वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता दिसेनासा होतो. ‘तिने’ हा शब्द लिहावाच लागत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याची मापे देऊन हजारो नवख्या मुलींना धीर दिला, हे मोठेच काम होते. परंतु एकंदर पाककृतिलेखन ‘गरम गरम वाढावे’ येथे संपते. ‘मग आपण बसावे’ असे वाक्य त्यात येत नाही. स्मरणरंजनाच्या लेखात याउलट घडते. तेथे कर्ता नाहीसा होत नाही, त्याचा अवयव उरतो: आईच्या ‘हातचे’. हात तेवढा पंगतीपर्यंत पोहोचतो, आई मागेच राहते.

खाणाऱ्याच्या बाजूने लिहिणे हा काही दोष नव्हे. पु. ल. देशपांडे यांचे ‘माझे खाद्यजीवन’ उघडपणे खवय्याचे आहे आणि म्हणूनच ते प्रामाणिक वाटते. अडचण होते ती खाणाऱ्याची आठवण जेव्हा सबंध घराची आठवण म्हणून सादर होते तेव्हा. दुसरी बाजू लिहिली गेलेलीच नाही असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याचा जाच ज्या मिस्कीलपणे येतो, तो स्वयंपाकघराच्या आत वावरलेल्या व्यक्तीलाच सुचू शकतो. बहिणाबाई चौधरींनी संसाराची कल्पना तव्यावरून मांडली, तीही ताटाच्या बाजूने नव्हे. आपण ही पुस्तके अभ्यासक्रमाला लावतो आणि सणाचा ललितलेख वाचताना मात्र त्यांचा धडा विसरतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ‘तिला त्यातच आनंद असतो.’ तो पूर्णपणे खोटा नाही. चुलीपाशी जावा-नणंदा जमतात, माजघरात बोलता न येणाऱ्या गोष्टी तेथे बोलल्या जातात, आणि जाळीदार घावन सहज सुटून आले की होणारे समाधान कारागिराचेच असते. माझ्या माहितीतल्या एक बाई दुसऱ्या कोणाला तव्याला हात लावू देत नसत. परंतु हा आनंद त्यांनी सांगितला तर साक्ष ठरतो. पानावर बसलेल्याने परस्पर सांगितला तर ती सोय ठरते. शिवाय दोन तवे मांडून पाळी बदलण्याने तो आनंद कमी होईल असे मानायला आधार नाही. वाटीभर पीठ गोल ओतणे हे चार-पाच घावने बिघडवून कोणालाही जमते, पुरुषांनाही.

साहित्याच्या वर्गात एक साधा प्रयोग करण्यासारखा आहे. सणाच्या न्याहारीचा कोणताही लोकप्रिय परिच्छेद घ्यावा आणि विद्यार्थ्यांना तो तव्यापाशी उभे राहून पुन्हा लिहायला सांगावा. त्यांची पहिली अडचण अशी होईल की तेथून पंगत दिसतच नाही. मधल्या दारातून ऐकू येते ते फक्त ‘आणखी दोन येऊ देत!’